मुकं प्रात्यक्षिक

सोमवार, ३ फेब्रुवारी

मॅडमनी आम्हा शिकवणाऱ्यांना रोज लिहायला लावलं आहे. आज वर्गात काय जमलं, काय फसलं, उद्या काय बदलणार. ते कागद शुक्रवारी त्यांच्या टेबलावर ठेवायचे. मी लिहिलं, "आज वर्ग चांगला झाला." ते खोटं आहे. खोटं लिहिलं की मला जेवण जात नाही. म्हणून खरं इथे लिहितो.

मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस. जन्मभर वायरमनचं काम केलं आणि हे प्रशिक्षण केंद्र उघडलं तेव्हापासून इथे वायरिंग शिकवतो. निवृत्तीचं वय उलटून गेलं तरी दर मे महिन्यात करार वाढवून देतात. यंदा तो मॅडमच्या शेऱ्यावर ठरणार आहे. मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या, जानेवारीत आल्या. शिकवायचं कसं ते आम्हाला शिकवायला आल्या.

त्यांचं म्हणणं असं, की मास्तर बोलतात आणि मुलं पेंगतात. मास्तरने कमी बोलायचं. प्रश्न टाकायचा, मुलांनी आधी एकट्याने विचार करायचा, मग शेजाऱ्याशी बोलायचं, मग सगळ्यांना सांगायचं. मुलाने काही विचारलं तर उत्तर द्यायचं नाही. उलट विचारायचं, "तुम्हाला काय वाटतं?" आणि थांबायचं. कितीही अवघड वाटलं तरी थांबायचं.

मी म्हटलं, "मॅडम, कुणाला काय वाटतं ते वीज विचारत नाही."

त्या हसल्या. म्हणाल्या, "मास्तर, हे वाक्य छान आहे. पण तुम्ही ते बोललात. मुलांनी शोधलं असतं तर त्यांच्या लक्षात राहिलं असतं."

घरी येऊन हिला सांगितलं. ही म्हणाली, "बाई शहाणी आहे. तुम्ही कमी बोलावं असं मला लग्नापासून वाटतंय."

गुरुवार, ६ फेब्रुवारी

आज थांबून बघितलं.

आमच्या वर्गात कुणी कुणाला नावाने हाक मारत नाही. एक मुलगी आहे, सगळ्यांत लहानखुरी, पण स्वतःच्या वजनापेक्षा जास्त केबल खांद्यावर टाकून चालते आणि एक क्षण शांत बसत नाही. तिला मुंगी म्हणतात. एक आहे तो उलटा वाद घालतो, तो वकील. एक चाळिशी ओलांडलेला, पाठ गेली म्हणून गाडी चालवणं सोडून आलेला. तो ड्रायव्हर.

मुंगीने विचारलं, "मास्तर, मेन स्विच बंद केला, त्याला कुलूप घातलं, किल्ली आपल्या खिशात. मग तारेत वीज आहे का ते परत मीटर लावून बघायचं कशाला? बंद म्हणजे बंद."

चांगला प्रश्न होता. मी म्हटलं, "तुम्हाला काय वाटतं?" आणि थांबलो.

सगळे माझ्याकडे बघत बसले. मी पंख्याकडे बघितलं. खुर्च्या करकरल्या. माझ्या पाठीला घाम फुटला.

वकील म्हणाला, "आम्हाला वाटतं, मास्तरांना माहीत नसावं."

हसले सगळे. मग माझ्याने राहवेना. मी धडाधड सगळं सांगून टाकलं. एका बोर्डात दोन ठिकाणांहून लाइन आलेली असू शकते. जनरेटरची असते, शेजारच्या मजल्यावरून कुणी चोरून ओढलेली असते. तुम्ही एक बंद करता, दुसरी तशीच चालू. म्हणून आधी मीटर. मीटर चालतो की नाही ते चालू लाइनवर बघून घ्यायचं, मग कामाच्या जागी लावायचा, मग पुन्हा चालू लाइनवर. तोवर तारेला हात नाही. नाही म्हणजे नाही. फळ्यावर लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या. मुंगीने उतरवून घेतलं.

मॅडम दारातच उभ्या होत्या. जाताना म्हणाल्या, "उत्तर दिलंत ना."

आता रात्रभर तेच डोक्यात राहणार. तशात गॅसचा कॉक बंद केला की नाही तेही आठवत नाही. दोनदा उठून बघितलं. बंद आहे.

बुधवार, १२ फेब्रुवारी

उद्या मुकं प्रात्यक्षिक आहे. हे मॅडमचं नवीन. मास्तरने एक पूर्ण काम करून दाखवायचं, तोंडातून अक्षर काढायचं नाही. मुलांनी नुसतं बघायचं आणि मग मास्तरने काय काय केलं ते एकेक पायरी करून आपल्या शब्दांत सांगायचं.

मला धडकी भरली आहे. माझं जे काही आहे ते तोंडात आहे. हात काय, हात चालतातच. बोललो नाही तर त्यांना कळणार कसं कुठे धोका आहे?

आमचा उस्ताद कधी बोलायचा नाही. पान तोंडात, नाहीतर शिवी. त्याच्या मागे उभं राहून बघून बघून शिकलो. पण ते दिवस वेगळे. तेव्हा शिकवायची पद्धत नव्हती कुणाला.

हिला म्हटलं, "उद्या तासभर गप्प राहायचंय."

ही म्हणाली, "आज सराव करा. मी बसते बघायला."

गुरुवार, १३ फेब्रुवारी

झालं एकदाचं. आणि चांगलं झालं. मॅडमनी शाबासकी दिली. खरंच दिली.

सरावाच्या बोर्डावरची जळकी तार बदलायचं काम होतं. मी रबराच्या चटईवर उभा राहिलो, माझे जाड तळव्याचे बूट होतेच, आणि गप्प राहून सगळं केलं. 

मग म्हटलं, "सांगा."

ड्रायव्हरने सुरुवात केली. मेन बंद. कुलूप. किल्ली खिशात. बोर्डाचं झाकण काढलं. मीटर लावला.

"नाही," मुंगी म्हणाली. "मीटरच्या आधी एक आहे. मास्तरांनी तारांवरून हाताची उलटी बाजू फिरवली."

मी म्हटलं, "मी? कशाला फिरवीन?"

वकील म्हणाला, "फिरवलीत, मास्तर. पोराच्या गालावरून फिरवावी तशी. झर्रकन."

"फिरवली, फिरवली," बाकीचे पण म्हणाले.

मला आठवेना. केलं असेल. धूळ झटकली असेल. मी म्हटलं, "ती काही पायरी नाही."

मुंगी म्हणाली, "पायरी नाही तर मग काय आहे?"

आता आली पंचाईत. मी काही केलं होतं हेच मला पटत नव्हतं, त्याचं कारण काय देणार? तेवढ्यात मॅडमचा मंत्र आठवला. मी म्हटलं, "तुम्हाला काय वाटतं?" आणि थांबलो. या खेपेला छान थांबता आलं, कारण बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतंच.

आणि काय सांगू, वर्ग पेटला. शेजारी शेजारी बोलायला लागले. ड्रायव्हर म्हणाला, गाडीचं इंजिन तापलंय का ते आपण हात जवळ नेऊनच बघतो, गेज नंतर. वकील म्हणाला, तळहात लावला तर झटका बसताना मूठ वळते आणि तार धरली जाते, उलटी बाजू लावली तर हात सुटतो. हे त्याचं बरोबर आहे, तसं होतं खरं. मुंगी फळ्याकडे धावली आणि तिने चित्र काढून दाखवलं, बोटं कशी आत वळतात ते. शेवटी त्यांनी आपसात ठरवलं की ही जुन्या माणसाची खातरजमा आहे. मीटर कागदासाठी आणि हात स्वतःसाठी. एकही जण पेंगत नव्हता. मी मध्ये एक शब्द घातला नाही.

याच वेळी मॅडम आल्या. दारात उभ्या राहून बघत होत्या. सगळे एकदम बोलताहेत, मुंगी फळ्यापाशी, मास्तर कोपऱ्यात गप्प. त्यांचा चेहरा उजळला.

"मास्तर, हेच. नेमकं हेच," असं म्हणाल्या. शेजारच्या प्लंबिंगच्या मास्तरांना म्हणे माझा वर्ग बघायला पाठवणार आहेत.

हिला सांगितलं. ही म्हणाली, "बोलला नाहीत म्हणून बक्षीस मिळालं. मी इतकी वर्षं देत होते ते घेतलं नाहीत."

बुधवार, ५ मार्च

आज शिकणाऱ्याने शिकवायचा दिवस. प्रत्येकाने उभं राहून एक काम बाकीच्यांना शिकवायचं. मॅडम मागे बसून गुण देत होत्या.

वकिलाने बोलण्यात वेळ घालवला, काम अर्धं राहिलं. ड्रायव्हर लाजून लाल झाला, पण नीट केलं.

मुंगीचं काय सांगावं. स्टुलावर चढून उभी राहिली, नाहीतर बोर्ड तिच्या डोक्याच्या वर जातो. माझ्यासारखाच चष्मा वर ढकलल्यासारखं केलं, तिला चष्मा नाही तरी. माझ्यासारखीच "नाही म्हणजे नाही" म्हणाली. मेन, कुलूप, किल्ली, झाकण. आणि मग तारांवरून उलटा हात असा काही फिरवला की सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. हुबेहूब मी. मला हसू आवरेना. डोळ्यांत पाणी आलं ते कुणी बघितलं नाही.

मॅडमनी तिला सगळ्यांत जास्त गुण दिले. मला म्हणाल्या, "बघा, किती खोल गेलंय तुमचं शिकवणं."

करार वाढणार असं वाटतं. तरी मे उजाडेपर्यंत काही खरं नाही.

शुक्रवार, २८ मार्च

वर्ग आता कामांच्या जागी पाठवला. महिनाभर ठेकेदारांकडे काम करायचं, ते बघून केंद्र प्रमाणपत्र देणार. प्रमाणपत्र असल्याशिवाय कुणी कायमचं काम देत नाही. मुंगीला मोठ्या इमारतींचे पाण्याचे पंप सांभाळणाऱ्या ठेकेदाराकडे मिळालं.

जाण्याआधी भेटायला आली. मी आधी तिच्या पायांकडे बघितलं. कापडी बूट, तळवे घासून कागद झालेले.

"हे चालायचे नाहीत," मी म्हटलं. "जाड रबराचे घे. पंपाच्या खोलीत जमीन ओली असते."

"पहिला पगार होऊ दे, मास्तर. मग आईला चप्पल आणि मला बूट."

"बूट आधी."

"आई आधी," ती म्हणाली. "बुटांचं तुम्ही रोज सांगताय, ती एकदाही मागत नाही."

जाताना पाया पडायला वाकली. मी म्हटलं, ते राहू दे, बूट घे.

तिथे ठेकेदाराचा माणूस तिच्याबरोबर असेल ना, की एकटीला खाली पाठवतील? हे तिला विचारायचं राहिलं. उद्या फोन करावा का? उगाच नको. ती म्हणेल, म्हातारा पाठ सोडत नाही.

मंगळवार, ८ एप्रिल

मुंगीला विजेचा झटका बसला. जिवंत आहे.

आज एवढंच लिहवतं.

गुरुवार, १० एप्रिल

दवाखान्यात जाऊन आलो.

झालं ते असं. इमारतीच्या तळघरात पंपाचा बोर्ड. तिने मेन बंद केला, कुलूप घातलं, किल्ली तिच्या खिशात सापडली. पण बोर्डाला जनरेटरची दुसरी लाइन होती. ती चालू होती. मी फेब्रुवारीत शिकवलं होतं ते नेमकं हेच. नेमकं हेच. जमिनीवर पाणी, पायात तेच कापडी बूट. मागे फेकली गेली आणि पंपाच्या लोखंडी बैठकीवर आदळली. गळपट्टीचं हाड मोडलं. उजवा हात भाजला, तो इतका खोल की बोटं पुन्हा उघडतील असं डॉक्टर म्हणत नाहीत.

तिची आई दवाखान्याच्याच धुलाईखान्यात कामाला आहे. कामाचा एप्रन तसाच अंगावर होता, हात पाण्याने सुरकुतलेले. मला खुर्ची दिली आणि स्वतः उभी राहिली.

"मास्तर, ती म्हणते तिचीच चूक. दुसरं काही बोलतच नाही."

"मीटर लावला नव्हता का तिने?"

"मला काय कळतंय त्यातलं. तुमचं नाव मात्र रोज असायचं घरात. मास्तर असं करतात, मास्तर तसं करतात. भाजी चिरताना पण मास्तर."

मुंगी जागी होती. एवढंसं तोंड झालं आहे. मी म्हटलं, "आधी मीटर म्हणून किती वेळा सांगितलं होतं, बेटा." ती म्हणाली, "हो मास्तर." एवढंच.

एक गोष्ट मला उलगडत नाही. पट्टी हाताच्या मागच्या बाजूला आहे. चुकून हात लागला तर तळहात भाजतो, बोटं भाजतात. मागची बाजू कशी भाजली? तिला विचारलं तर तिने भिंतीकडे तोंड केलं. दुखत असेल.

घरी आल्यापासून जेवलेलो नाही. हिने ताट झाकून ठेवलं आहे. काही बोलली नाही, त्याचीच जास्त भीती वाटते.

मंगळवार, १५ एप्रिल

केंद्रात चौकशी लागली आहे. ठेकेदार म्हणतो, मुलीने तपासणी न करता हात घातला, आमचा संबंध नाही. केंद्राचे मोठे साहेब म्हणतात, शिकवलेला नियम मोडला असेल तर नाव कमी करावं लागेल. मग प्रमाणपत्र नाही, आणि केंद्राकडून उपचारही नाहीत. शिकवण्यात खोट निघाली तर मात्र सगळं केंद्राच्या अंगावर, आणि ती बरी झाल्यावर तिला काम द्यायचं पण.

म्हणजे एक तर मुंगी नाही तर मी.

मी काय शिकवलं ते लिहून द्यायला सांगितलं. खरं ते लिहून दिलं. आधी मीटर, तोवर तारेला हात नाही. वकील आणि ड्रायव्हर दोघांच्या वहीत ते शब्द आहेत, दोन रेघांसकट. लिहून दिलं खरं, पण सही करताना वाटलं की पोरीच्या पोटावर पाय देतोय. पण खोटं कसं लिहू? मी शिकवलंच आहे ते.

दुपारी मॅडम माझ्या वर्कशॉपमध्ये आल्या. दार लावून घेतलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"मास्तर, त्या मुक्या प्रात्यक्षिकाच्या दिवशी मुलं एवढं कशावर बोलत होती?"

"हाताचं काहीतरी होतं. मीटरच्या आधी मी हात फिरवतो म्हणे."

"फिरवता?"

"छे. त्यांची काहीतरी मजा."

 बोर्डापाशी जाऊन उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "मी तेव्हा तुम्हाला शाबासकी दिली."

"हो, दिलीत की."

"ती कशावर बोलताहेत ते मी विचारलं नाही. बोलताहेत एवढंच बघितलं."

बिचाऱ्या नोकरीच्या काळजीत असाव्यात. नवीन आहेत, त्यांच्यावर पण शेकेल. मी म्हटलं, "मॅडम, तुमच्या पद्धतीचा दोष नाही असं मी सांगेन." खरं म्हणजे मला तसं वाटत नाही. मला गप्प बसवलं नसतं तर मी रोज सांगितलं असतं, रोज ओरडलो असतो. पण पडलेल्याला कशाला मारा.

बुधवार, २३ एप्रिल

क्रमाने लिहितो, नाहीतर डोकं चालणार नाही.

चौकशी माझ्याच वर्कशॉपमध्ये होती. मोठे साहेब, बाहेरून आलेले एक इंजिनिअर, मॅडम, वकील, ड्रायव्हर. मुंगीला तिच्या आईने आणलं होतं. हात गळ्यात बांधलेला.

इंजिनिअरनी तिला विचारलं, "मीटर न लावता तारेला हात लावायला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. मी घाई केली."

"कुणाला बघून केलंस का?"

"नाही."

ड्रायव्हर खाली बघत होता. वकिलाने तोंड उघडलं, मुंगीने त्याच्याकडे बघितलं, त्याने मिटलं. मला सुटल्यासारखं वाटलं. वाटलं की खरं बोलली पोरगी.

मग मॅडम उठल्या. म्हणाल्या, "साहेब, मास्तरांना एकदा काम करून दाखवू द्या. न बोलता."

मला राग आला. एवढ्या लोकांसमोर परीक्षा घेता माझी? पण म्हटलं, घ्या. डोळे झाकून करीन. चटईवर उभा राहिलो. मेन बंद केला. कुलूप, किल्ली खिशात. झाकण काढलं. तपासलं. तार सोडवली, नवीन घातली, स्क्रू आवळले. झाकण लावलं. 

इंजिनिअर म्हणाले, "काय बघितलं ते सांगा."

ड्रायव्हर वकिलाकडे बघायला लागला. तेव्हा मुंगीच म्हणाली. पटापट, पाठ म्हटल्यासारखं. "मेन बंद. कुलूप. किल्ली. झाकण. मग मास्तरांनी मीटर लावला. चालू लाइनवर, मग तारांवर, मग परत चालू लाइनवर."

"बरोबर," मी म्हटलं.

इंजिनिअरनी टेबलाकडे बोट केलं. मीटर टेबलावर होता. पेटीत. पेटीचं झाकण लागलेलं.

मला पहिल्यांदा वाटलं, कुणीतरी परत ठेवला. मी इकडे तिकडे बघितलं. ड्रायव्हर रडत होता. मोठा माणूस, गाड्या चालवलेला.

मी म्हटलं, "मी तपासलं. मला आठवतंय तपासल्याचं."

"तपासलंत," इंजिनिअर म्हणाले. "कशाने, ते सांगा."

मी उजवा हात वर करून बघितला. जसा काही त्यावर लिहिलेलं असेल.

मुंगीची आई पुढे आली. तिला त्यातलं काही कळत नाही असं ती म्हणाली होती. तिने आपल्या मुलीचा बांधलेला हात बघितला, मग माझा बघितला. "घरी पण ती असंच करून दाखवायची," ती म्हणाली. "असा. झर्रकन."

मुंगी म्हणाली, "आई, गप्प बस." आणि मग माझ्याकडे बघून, "मास्तर, तुम्ही सांगितलं होतं बरोबर. सांगितलं होतंत तुम्ही."

शनिवार, २६ एप्रिल

निकाल लागला. मुंगीचं नाव राहिलं. उपचारांचा खर्च केंद्राकडे. बोटं उघडणार नाहीत ते आता नक्की झालं. स्टोअरमध्ये डाव्या हाताने करण्यासारखं काम देणार आहेत. ती कधी स्टोअरमध्ये बसून राहील का?

माझा करार संपला. मॅडमनी स्वतःहून राजीनामा दिला. जाताना मला म्हणाल्या, "मुलांनी तुम्हाला विचारलं होतं, मास्तर. ही पायरी नाही तर काय आहे, असं. चांगलं विचारलं होतं. आणि तुम्ही काय म्हणायचं ते मी शिकवलं होतं."

मी काही बोललो नाही. या वेळी जमलं.

मंगळवार, २९ एप्रिल

घरी बसून आहे. ही आता चिडवत नाही. काल माजघरातला दिवा लागेना, तर हिने माझ्या आधी उठून मेन बंद केला आणि शेजारच्यांना बोलावलं. मला म्हणाली, "तुम्ही बसा." साधंच म्हणाली. मी बसलो.

एक विचार डोकं पोखरतो आहे. मुंगी एका वर्गातली. तसे वर्ग किती झाले? केंद्र उघडल्यापासून दर वर्षी. सगळे आज कुठे ना कुठे बोर्ड उघडून उभे असतील. त्यांना मी बोलून शिकवलं आणि ते बघून शिकले.

शुक्रवार, २ मे

आज पहिल्याकडे गेलो. जुना विद्यार्थी, पहिल्या काही वर्गांतला. वर्गात गोल्या म्हणायचे, आता खरोखर गोल झाला आहे. एका मोठ्या हॉटेलचं सगळं विजेचं काम त्याच्याकडे आहे. मला बघून धावत आला, चहा मागवला, हाताखालच्या माणसांना ओळख करून दिली, "हे आमचे मास्तर. यांच्यामुळे आपण सगळे जिवंत आहोत."

मी म्हटलं, "चहा नंतर. मला एक काम करून दाखव. बोलू नकोस. नुसतं कर."

"कसलं काम, मास्तर?"

"कुठलंही. बोर्ड उघड."

तो हसत हसत उठला. मागे भटारखान्याच्या पलीकडे एक बोर्ड होता, जमीन पुसून ओली होती. मेन बंद केला, कुलूप घातलं, किल्ली खिशात. झाकण काढलं. सगळं मी शिकवलेलं. मग त्याचा उजवा हात आपोआप वळला आणि तारांवरून फिरला. मी स्वतःलाच पाठीमागून बघतोय असं वाटलं.

"हे काय केलंस?" मी विचारलं.

"काय केलं?"

"हात."

"कुठला हात?"

त्याच्या हाताखालची एक बाई हसली. म्हणाली, "साहेब नेहमी करतात तसं. आम्ही पण करतो."

मी त्याला मुंगीचं सगळं सांगितलं. ओली जमीन सांगितली, दुसरी लाइन सांगितली. तो ऐकत होता, मान हलवत होता. शेवटी म्हणाला, "वाईट झालं, मास्तर. पण आमचं इतकी वर्षं काही झालं नाही."

सांगून उपयोग नाही हे तेव्हा कळलं. मी म्हटलं, "पुन्हा कर." आणि त्याच्या मागे उभा राहून त्याचं उजवं मनगट घट्ट धरलं. त्याने डाव्या हाताने झाकण काढलं. मनगट माझ्या मुठीत फिरलं. त्याला कळलंसुद्धा नाही.

"पुन्हा."

पुन्हा फिरलं. आता त्याला जाणवलं. "सोडा ना, मास्तर," तो म्हणाला, अजून हसत होता.

"पुन्हा."

मग त्याचं हसू गेलं. तो चिडला, हाताखालची माणसं बघत होती म्हणून जास्तच. मी सोडलं नाही. म्हाताऱ्याच्या हातात जोर नसतो, त्याने झटकला असता तर मी पडलो असतो, पण त्याने झटकला नाही. पुन्हा करायला लावलं. आणि एकदा त्याचा हात माझ्या मुठीत वळायला लागला आणि मध्येच थांबला. त्याने मान वळवून आपल्या हाताकडे बघितलं. अंगावर पाल पडावी तसा त्याचा चेहरा झाला. कपाळावर घाम आला.

तो घाबरला तेव्हा मी मनगट सोडलं. त्याने मीटर उचलला.

मग मी त्या हसलेल्या बाईला जवळ बोलावलं आणि म्हटलं, "आता तू."